मागचा टायर

प्रोस्टेट वाढलंय, हे ड्रायव्हरने बायकोच्याही आधी आपल्या कंडक्टरला सांगितलं होतं. लांबच्या गाडीवर त्याला लघवी आवरेनाशी झाली, की कंडक्टरच ओरडायचा, "उस्ताद, मागचा टायर बघून घ्या!" ड्रायव्हर झुडपाआड जाऊन यायचा, प्रवाशांना पत्ताही लागत नसे. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, म्हणायचा तो.

पुढे डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. कंडक्टर रजेवर असताना अख्खी फेरी न थांबता झाली. कधी एकदा दोस्ताला सांगतो, असं ड्रायव्हरला झालं. तेवढ्यात डेपोच्या साहेबांनी बोलावलं.

"उद्यापासून तुम्ही शहरातल्या गाडीवर. तुमच्या जागी कंडक्टरचा जावई येईल."

"माझं काय चुकलं, साहेब?"

साहेबांनी हसू दाबलं. "तुम्हाला म्हणे मागचा टायर सारखा बघावा लागतो."