अकरा दिवसांचा जोर

मित्रांनो, नऊ वर्षं रस्त्यावर काढलेली, राखाडी रंगाची, पाच दारांची मी एक छोटी गाडी आहे. तुम्ही मला पाहिलंत तर वळून दुसऱ्यांदा बघणार नाही. पण माझ्या बॉनेटखाली एक टर्बो आहे. टर्बो म्हणजे एक इवलीशी चक्की. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ती गरागरा फिरते आणि बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबते. त्यामुळे माझ्यासारख्या लहानखुऱ्या गाडीच्या अंगातही दांडगं बळ येतं. आणि खरं सांगायचं तर, ज्याच्या अंगात अशी चक्की असते त्याला स्वस्थ बसवत नाही.

कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हाच मी थरथरले होते. तपासनीस बाई म्हणाल्या, "हिला फार घाई दिसते." त्यांनी माझ्या कागदावर सही केली आणि मी जगात आले.

मला घरी आणलं ते लिफ्टचे आराखडे काढणाऱ्या एका माणसाने. दिवसभर तो वर-खाली जाणाऱ्या पेट्यांची चित्रं काढायचा आणि संध्याकाळी मला घेऊन सुसाट सुटायचा. सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची होती. दर रविवारी तो जुन्या दात घासायच्या ब्रशने माझी चाकं घासायचा. त्याची बायको वरून, गॅलरीतून म्हणायची, "अरे, इतक्या मायेने कधी भांडी घासली नाहीस." ती कानांची तपासणी करायची. लोकांच्या कानांना यंत्र लावून बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कोणाला काय ऐकू येत नाही ते शोधायचं, हे तिचं काम.

पुढे त्याला कंपनीची गाडी मिळाली. मी पत्र्याच्या शेडखाली उभी राहू लागले. दोन वर्षं माझं तेलही वेळेवर बदललं गेलं नाही. उन्हाने माझं रबर सुकलं. टर्बोतून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या जाड पाइपाला खालच्या बाजूने एक चीर पडली, केसाएवढी. वरून बघणाऱ्याला ती दिसत नव्हती. मला मात्र ती सारखी जाणवत होती. चढ आला की दाबलेली हवा त्या चिरेतून निसटायची आणि माझा दम जायचा.

मग कंपनीची गाडी गेली आणि तो पुन्हा माझ्याकडे वळला. एका सकाळी तो, त्याची बायको आणि मागच्या सीटवर त्याची आई, असे तिघे डोंगरावरच्या गावी निघाले. अरुंद रस्त्यावर पुढे लोखंडी नळ्या भरलेला ट्रक रांगत होता. समोर रस्ता मोकळा दिसताच त्याने मला बाजूला काढलं आणि पाय दाबला. मी जीव तोडून ओढलं. पण निम्मी हवा चिरेतून पळाली. आम्ही ट्रकच्या बरोबरीला आलो आणि तिथेच अडकलो. समोरच्या वळणावरून दुधाचा टँकर आला. माझ्या मालकाने कचकन ब्रेक मारला आणि मला कसंबसं ट्रकच्या मागे घातलं.

मग आई म्हणाली, "पुढच्या वेळी मी बसने येईन."

ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखं रुतलं. गाडीत जोर कमी आहे, या एका विचाराने त्याला पछाडलं. ट्यून करायची, म्हणजे माझ्या इंजिनाच्या संगणकाला नवे हुकूम द्यायचे आणि जास्त ताकद काढायची, असं त्याने ठरवलं. पण कोणती ट्यून? जेवताना तो फोनवर तेच वाचायचा, दात घासताना वाचायचा. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. एक माणूस दूर कुठेतरी बसून नव्या हुकमांची एकच फाइल सगळ्या गाड्यांसाठी पाठवायचा. दुसरी एक छोटी डबी होती, दहा मिनिटांत बसणारी. तिसरी वाट शहराबाहेरच्या एका वर्कशॉपची. तिथल्या बाई गाडी रोलरवर, म्हणजे चाकं जागच्या जागी पळवणाऱ्या रुळांवर चढवून, सगळं मोजून मगच हात लावायच्या. लोक त्यांना मोजणीबाई म्हणत. त्यांच्याकडे तीन आठवडे थांबावं लागणार होतं.

"गाडीतून शिट्टी वाजते," बायको एकदा म्हणाली. "चढावर. आधी वाजत नव्हती."

"टर्बोच्या गाड्या वाजतातच. सगळे तेच लिहितात."

"सगळ्यांनी ही गाडी ऐकली आहे का?"

तो हसला आणि फोनकडे वळला. मी तिथेच उभी होते. बॉनेट उघड आणि खालून हात फिरव, एवढंच मला सांगायचं होतं. पण मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त आवाज करतो.

तीन आठवडे थांबणं त्याला जमलं नाही. त्याने डबी आणली आणि कोणाला न सांगता बसवली. ही डबी काय करायची? माझ्या संगणकाला खोटं सांगायची. हवा कमी येते आहे, कमी येते आहे, असं ती सतत कुजबुजायची. संगणक बिचारा भोळा. तो चक्कीला म्हणायचा, आणखी फिर.

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ते अकरा दिवस मला फार आवडले. सिग्नल सुटला की मी बाणासारखी जायचे. त्याचे डोळे चमकायचे आणि मीही वेडी झाले होते. चिरेतून हवा जातच होती, पण चक्की दुप्पट जोराने फिरून ती भरून काढत होती. तिचं अंग तापत होतं. तिच्या दांड्याशी तेल पाझरू लागलं. सकाळी माझ्या मागे निळसर धूर दिसायचा. तो आरशात बघायचा आणि नजर फिरवायचा.

बाराव्या दिवशी मला त्याच्या बायकोने नेलं. डोंगरावरच्या शाळेत मुलांचे कान तपासायचे होते. मागे तिचं यंत्र पेटीत बांधून ठेवलं होतं. शेवटच्या चढावर तिने पाय दाबला आणि फट् असा आवाज झाला. पाइप उभा फाटला होता. माझा सगळा जोर एका क्षणात गेला. मागून बस येत होती. तिचा हॉर्न अंगावर आला. पण बाई घाबरली तरी गडबडली नाही. तिने स्टिअरिंग घट्ट धरून मला कडेच्या खडीवर उतरवलं. बस आम्हाला चाटून गेली.

तिने हँडब्रेक ओढला. मग तिने त्याला फोन केला.

"गाडी बंद पडली आहे. मी ठीक आहे. तू ये."

तो रिक्षाने आला. तिने स्वतःच बॉनेट उघडलं होतं आणि त्या डबीवर बोट ठेवलं होतं.

"ही कधी लावलीस?"

"अकरा दिवस झाले."

"मला सांगितलं नाहीस."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणूनच सांगितलं नाहीस," ती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मला ओढून मोजणीबाईंकडे नेलं. त्यांनी पाइप काढला आणि त्याच्या हातात ठेवला. फाटलेल्या भागाची कड नवी होती, पण एका टोकाला धुळीने काळी पडलेली जुनी चीर होती.

"ही कित्येक महिन्यांची आहे," त्या म्हणाल्या. "गाडीत जोर कमी नव्हता हो. तिला धाप लागत होती. आणि तुम्ही धाप लागलेल्याला पळायला लावलंत."

"शिट्टी वाजत होती," तो हळूच म्हणाला. "हिने सांगितलं होतं."

बायकोने त्याच्या हातातला पाइप घेतला, कारण तो तेलकट होता आणि त्याचा शर्ट खराब होत होता.

डबी निघाली, नवा पाइप आला, टर्बो बदलला. मला रोलरवर चढवलं तेव्हा कारखान्याने दिला होता तेवढा सगळा जोर माझ्यात निघाला. त्याने लगेच विचारलं, "आता ट्यून करायची का?" खोड जाता जात नाही.

मोजणीबाई म्हणाल्या, "महिनाभर अशीच चालवा. मग येऊन मला सांगा, नक्की काय कमी पडतंय. आकडा सांगू नका. काय कमी पडतंय ते सांगा."

तो महिना त्याने कसा काढला ते मला ठाऊक आहे. स्टिअरिंगवर त्याची बोटं सारखी वाजायची. महिन्याने तो आला, बायकोला घेऊन. बराच विचार करून म्हणाला, "चढावर निघताना क्षणभर अडखळते. बाकी काही नाही."

"मग तेवढंच करू. कमाल जोर आहे तेवढाच राहील. क्लच जुना आहे, तो आधी बदलू."

"आणि नाही आवडलं तर?" बायकोने विचारलं.

"मूळ फाइल माझ्याकडे जपून ठेवते. अर्ध्या तासात होती तशी करून देईन."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "करू या," ती म्हणाली. या वेळी ते दोघांनी मिळून ठरवलं होतं.

परवा शेजारचा तरुण डॉक्टर त्याच्याकडे आला. त्यालाही गाडी ट्यून करायची आहे. कोणती घेऊ, किती जोर वाढेल, असं विचारत होता. माझा मालक जमिनीवर पाठ टेकून त्याच्या गाडीखाली शिरला आणि आतून म्हणाला, "थांब जरा. आधी हिला बघू दे." डॉक्टरचा चेहरा पडला. त्याला आकडा हवा होता.

मित्रांनो, मी अजून तशीच उतावीळ आहे. चढ दिसला की माझं मन पुढे धावतं, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. आम्हाला पळवा. आम्ही पळण्यासाठीच आहोत. पण आम्ही मागे पडलो तर लगेच चाबूक शोधू नका. गुडघ्यावर बसा, हात काळे करा आणि आमचं काय दुखतंय ते आधी बघा.