सोइलाचे पेरू

पट्टी नीट बसलेली नव्हती. बॅगेच्या दोन कड्यांतून ओवून ती प्लास्टिकची पट्टी शेवटचा दात अडकेपर्यंत ओढायची असते, आणि तपासणीवरच्या इतालोने दोन दात मोकळे सोडले होते. विमानात बसल्यावर नार्सिसाने मांडीवरच्या बॅगेला बोट लावून पाहिलं. करंगळी आत जात होती. अठरा वर्षं ग्वायाकिलच्या विमानतळावर, बेटांवर जाणाऱ्यांच्या बॅगा उघडून फळं, बिया, माती शोधायची आणि अशा पट्ट्या ओढायच्या – आणि आज रजा घेऊन पहिल्यांदाच तपासणीच्या टेबलाच्या पलीकडे उभं राहावं तर आपणच शिकवलेला माणूस...

"सेन्योरा नार्सिसा, एकट्याच? नवऱ्याला फ्रीजमध्ये ठेवून आलात का?" इतालो म्हणाला होता.

"बाजूचा कप्पा बघ."

"तुमचा कप्पा मी तपासू? नरकात जाईन की हो!"

तपासला असता तर अपमान वाटला असता. तपासला नाही म्हणून चीड आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा आपला स्वभाव, हे तिला माहीत होतं आणि त्याचीही चीड येत होती. शेजारचं परदेशी जोडपं खिडकीला नाक लावून बसलं होतं. कासवं ग्वायाकिलच्या माणसाने दिनदर्शिकेवर बघायची आणि यांनी जवळ उभं राहून फोटो काढायचे! पण मी काही कासवं बघायला चाललेली नाही. मी सोइलाला सांगायला चाललेय की माझं बरोबर होतं... म्हणजे, तसं नाही, समेट करायला. पण बरोबर होतं, हे तिने आधी मान्य करायला हवं.

अकरा वर्षं झाली. धाकटी बहीण सोइला बेटावरच्या माणसाशी लग्न करून तिकडे गेलेली, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात दुरानला आईकडे येऊन परत निघालेली. तिची बॅग फिरत फिरत नेमकी माझ्याच टेबलावर आली. कपड्यांच्या मध्ये टॉवेल, टॉवेलात आईच्या परसातले पेरू – चार. माझ्या डोक्यावर भिंतीला बेटांवर बंदी असलेल्या वस्तूंची यादी टांगलेली, आणि यादीत पेरू. दुसऱ्या टेबलाकडे सरकवता आली असती बॅग. पण मग बाकीच्यांच्या बॅगा मी कुठल्या तोंडाने उघडल्या असत्या? मी पेरू काढून घेतले. काय चुकलं? आई गेली तेव्हा सोइला आली, शवपेटीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत गेली. एक शब्द नाही.

बेटांवरच्या विमानतळावरून बस, बसनंतर होडी, होडीतून उतरून पिकअप. धक्क्यावरच्या बाकावर एक समुद्रसिंह आडवा पडून झोपला होता आणि सगळे त्याच्याभोवती कौतुकाने गोळा झाले होते. नार्सिसा मात्र माती-बिया चिकटल्यात का म्हणून त्यांच्या बुटांचे तळवे बघत होती. एवढ्या लांब येऊन बुटांचे तळवे! तिला स्वतःचीच कीव आली.

"कुठे, बाई?" पिकअपवाल्याने विचारलं.

"सांता रोसा. सोइलाची वाडी."

"कासवं बघायला?"

"हो," ती म्हणाली. बहिणीकडे, असं म्हणायला जीभ वळली नाही.

चढ लागला, धुकं लागलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं सुरू झाली. ती ओळखू आली तेव्हा नार्सिसा सीटवरच सरळ बसली.

"हे सगळे पेरू?"

"मग काय! तोडा, जाळा, पुन्हा हजर. गाईने एक खाल्ला की शेणातून दहा उगवतात. सासू परवडली!"

मैलभर पेरू. रस्त्यावर चिरडलेले, चिखलात पिवळे पडलेले, कुणी न उचललेले. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर ते यादीत होते. उलट हे रान म्हणजे तिच्या बाजूचा पुरावाच – बघा, एक झाड आलं की काय होतं ते! पण पुरावा बघून बरं वाटेना. इथे रान पेटलंय आणि मी अकरा वर्षं चार काड्या पकडल्याच्या तोऱ्यात... तिला गाडी थांबवून खाली उतरावंसं वाटलं, कुणावर तरी ओरडावंसं वाटलं. पिकअपवाला शीळ घालत होता.

वाडीच्या फाटकाशी पत्र्याची शेड होती. तिथे रबरी बूट मांडून ठेवले होते, आणि त्यांच्यावर एक बाई वाकली होती. केस पांढरे. सोइलाचे केस पांढरे!

"बाहेरचे बूट इथे काढायचे," ती मान वर न करता म्हणाली. "तळवे दाखवायचे. पायाचं माप?"

आवाज ना कडक, ना मऊ. मग तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तळवे," सोइला पुन्हा म्हणाली.

नार्सिसाने बूट काढून दिले. ते उलटे करून सोइला काडीने एकेक खाच साफ करू लागली. घाई नाही, टाळाटाळ नाही. चोख काम. मी असते तर असंच केलं असतं, असं नार्सिसाच्या मनात आलं – आणि लगेच, नाही. मी असते तर काहीतरी बोललेही असते.

बोललेच होते. "आईच्या झाडाचे आहेत गं, न्यान्या," ताईला लाडाने म्हणतात तसं सोइला हळूच म्हणाली होती, पोटावर हात ठेवून, आणि मी, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात: "तिथे रानभर सडतायत की! नवऱ्यामागे गेलीस ना? मग त्याच्याच रानातले खा." रांग हसली होती. मलाही बरं वाटलं होतं. ते वाक्य कुठल्या यादीत होतं? पेरूंबद्दल सोइलाने कधी तक्रार केलीच नव्हती. अकरा वर्षं मी एकटीच पेरूंचा खटला लढत होते, आणि समोर कुणी नव्हतंच.

"माप विचारलं मी," सोइला म्हणाली.

"सदतीस."

मागे मिनीबस येऊन थांबली. माणसं उतरली, हसत, फोटो काढत तिच्यामागे उभी राहिली. बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ देता आलं असतं. मग निवांत, दोघींतच बोलता आलं असतं. पण ते वाक्य तर रांगेसमोर बोललं गेलं होतं, मग माफीही... नार्सिसा ओल्या फळीवर अनवाणी उभी राहिली, जागची हलली नाही. मागे कुणीतरी घसा खाकरला. सकाळपासूनचा, किंवा त्याच्याही आधीपासूनचा तो राग तिने शोधून पाहिला. तो कुठेच नव्हता. तिला नुसती भीती वाटत होती.