सहा विटकरी शाली

रेनाटाने दोरीवरची ओली शाल दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा तिच्यामागे मेरिल शीळ घालत इस्त्री फिरवत होता. शाल हिरवी होती. शेवाळलेल्या पाण्यासारखी मळकट हिरवी. शेजारची दुसरीही तशीच.

"जमल्यात ना?" मेरिलने विचारलं. "पहिल्या चारांच्या शेजारी धरून बघितल्या मी. फरक कळत नाही."

पहिल्या चार शाली घडी घालून टेबलावर ठेवल्या होत्या. त्या विटकरी होत्या.

रेनाटाने हातातली शाल दोरीवर सोडली. कॅनडातल्या विनिपेगच्या एका विद्यापीठात नाट्यविभागाची कापडं रंगवायची खोली तळघरात होती, जमिनीलगतच्या एकुलत्या खिडकीची. रेनाटा कोवालचुक शेवटच्या वर्षाला होती आणि यंदा त्या खोलीची जबाबदारी तिच्यावर होती. नाटक होतं सरोवराकाठच्या सहा बायकांचं. त्यांचे नवरे गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून बुडालेले. सहाही जणींच्या खांद्यांवर एकाच रंगाच्या लोकरी शाली हव्यात, म्हणजे लांबून ती एकच बाई वाटेल, असं सिंक्लेअरबाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं. त्या विभागात शिकवायच्या आणि या नाटकाची वेशभूषा त्यांच्याकडे होती. आज दुपारी सगळ्या नटांना पोशाख चढवून रंगमंचावर, दिव्यांखाली उभं करायचं होतं.

मेरिल लोवेन तिच्या हाताखाली होता, एका वर्षाने मागे. कामाला वाघ, पण त्याच्या हातून भलतंच काहीतरी व्हायचं. एकदा तांबड्या बाह्यांना तपकिरी ठिगळ लागलं, एकदा पानांच्या नक्षीत गंजासारखा रंग भरला गेला. दर वेळी तो म्हणायचा, घाईत झालं. गेल्याच आठवड्यात रेनाटा वैतागून सिंक्लेअरबाईंकडे गेली होती. मुलगा बेफिकीर आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. आणखी एकदा झालं तर त्याची इथली नेमणूक काढून घेते, त्याला नेपथ्याच्या सुतारखात्यात पाठवते, असं बाई म्हणाल्या होत्या.

ते 'आणखी एकदा' आता दोरीवर लोंबत होतं.

रेनाटा ओरडायलाच वळली. पण मेरिलचा चेहरा पाहून ती थांबली. तो खूश होता. मनापासून, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखा खूश. बेफिकीर माणूस असा दिसत नाही.

तिने एक हिरवी आणि एक विटकरी शाल त्याच्यासमोर टेबलावर पसरली.

"यातली आजची कुठली?"

मेरिलने बोट टेकवलं. "ही. ओली आहे."

"हात न लावता सांग."

इस्त्रीतून वाफ निघत राहिली. मेरिलने ती उभी करून ठेवली, तिची वायर उगीचच सरळ केली. मग तो स्टुलावर बसला.

"कुठला रंग आलाय?" त्याने विचारलं.

"हिरवा."

त्याने मान हलवली.

मग त्याने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत, तिच्याकडे न बघता. बाप रेल्वेत इंजिन चालवायचा, आजोबाही. मेरिललाही तेच करायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही असं निघालं, आणि रेल्वेने दारातूनच परत पाठवलं. पण कापड त्याला लहानपणापासून आवडायचं. आईच्या गोधड्यांत कुठला तुकडा कुठे खुलतो हे तो तिच्याआधी सांगायचा. इथे आला तेव्हा डोळ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही.

"आणि इतके दिवस चालवलंस कसं?"

"बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून," तो म्हणाला. "आज चिठ्ठ्या नव्हत्या. विटकरीची बरणी जिथे असते तिथली उचलली."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण रेनाटाने फळीकडे पाहिलं आणि तिला सकाळचं आठवलं. सकाळी जुन्या बरण्या चिकट झाल्या म्हणून तिनेच घट्ट रंग नव्या बरण्यांत ओतले होते. चिठ्ठ्या लावणार तेवढ्यात वरून एका नटाला कपडे घालून बघायला हाक आली आणि ती तशीच धावली. घट्ट असताना सगळेच रंग काळे दिसतात. तिला काय, कागदावर थेंब टाकला की कळायचं. त्या थेंबाचा मेरिलला काडीचा उपयोग नव्हता. आणि चिठ्ठीशिवाय बरणी फळीवर ठेवायची नाही, हा नियम दारामागे तिच्याच अक्षरात चिकटवलेला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "मोठं पातेलं चढव. तोंडाला मास्क लाव, पंखा लाव. रंग उतरवायचाय."

कामात घाई होती आणि घाई करता येत नव्हती. लोकर दचकली की आटते. पाणी हळूहळूच तापवायला हवं, हळूहळूच निववायला हवं. रंग उतरवायची पूड पडली तशी खोलीत सडक्या अंड्यांची घाण सुटली. मेरिल लांब काठीने शाली वरखाली करत होता. त्याचा हात मात्र पक्का होता, कुठे गाठ पडू देत नव्हता की पीळ. रेनाटा वाफेत तोंड घालून बघत होती. हिरवा गढूळ झाला, मग पिवळट, मग मेणासारखा. तिने विटकरीची बरणी स्वतः उघडली, कागदावर थेंब टाकला, आणि मग तोच कागद बरणीला चिकटवून त्यावर ठळक अक्षरांत 'विटकरी' लिहिलं.

शाली नव्या पाण्यात पडून रंग धरू लागल्या होत्या, एवढ्यात दार उघडलं. सिंक्लेअरबाई अंगातला जाड कोटही न काढता आत आल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला. टेबलावरच्या चार शाली त्यांनी पाहिल्या, मग पातेलं.

"दोन पुन्हा का रंगवताय?"

त्यांची नजर मेरिलकडे वळली.

"मेरिल?"

"मी बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या," रेनाटा म्हणाली. "चुकीचा रंग पडला. चूक माझी आहे."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "रंग घातला कुणी?"

"त्याने. पण बरण्या मी भरल्या होत्या. आणि गेल्या आठवड्यात मी तुम्हाला जे सांगितलं, ते तसं नाही."

"मग कसं आहे?"

रेनाटाने मेरिलकडे पाहिलं. पुढचं सांगायचा अधिकार तिचा नव्हता. तिने काठी उचलली आणि पाणी ढवळू लागली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मेरिलने मास्क खाली ओढला.

"मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, प्रोफेसर," तो म्हणाला. "कधीच दिसला नाही."

पंखा घरघरत होता. सिंक्लेअरबाईंनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रेनाटाला वाटलं. निदान त्यांच्या मनात काय आहे ते कळलं असतं.

"आधी शाली वर पोचू देत," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शाली पिळून, पंख्यासमोर धरून, इस्त्रीखाली दाबून कशाबशा वाळल्या. वर नेल्या तेव्हा अजून कोमट होत्या. सहा मुलींनी त्या खांद्यांवर घेतल्या आणि रंगमंचावर ओळीने उभ्या राहिल्या. प्रेक्षागृहातले दिवे मालवले. वरून पहाटेसारखा निळसर उजेड उतरला.

रेनाटा आणि मेरिल अंधारात शेजारी शेजारी बसले होते. रेनाटाने पहिलीपासून शेवटचीपर्यंत नजर फिरवली, मग उलटी. सहाच्या सहा एकजीव दिसत होत्या.

"जमलं," ती पुटपुटली.

मेरिल पुढे वाकून बघत होता. "डावीकडून दुसरी आणि शेवटची," तो हळूच म्हणाला. "त्यांचे काठ जड आहेत. तिथे वीण दाट आहे ना, खालचा रंग पुरता उतरला नाही."

"कुठे? मला नाही दिसत."

"मी रंग नाही, गडद-फिकं बघतो. उजेड कमी झाला की जास्त कळतं. त्या दोघी ओळीतून पुढे आल्यासारख्या वाटतात."

तिने डोळे बारीक केले. तेवढ्यात मागच्या रांगेतून सिंक्लेअरबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन बसल्या होत्या कोण जाणे.

"दुसरी आणि सहावी," बाई दिव्यांच्या माणसाला सांगत होत्या. "काठ गडद आहेत. तुमचं काही चुकलेलं नाही, उजेड असाच ठेवा." मग त्या पुढे झुकल्या. त्यांचा हात मेरिलच्या खुर्चीच्या पाठीवर टेकला. "काठ उद्या सकाळी उजळायला घ्या. रंग रेनाटा बघेल. कुठे थांबायचं ते तू सांग."

मेरिलने मान डोलावली. त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट होते ते सैल झाले.

रेनाटाने पुन्हा रंगमंचाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिला सहाही शाली एकसारख्याच दिसत होत्या.