कै. राहीबाई

महिला बराकीत पेपर दुपारी यायचा, आणि त्याला खिडक्या असायच्या. इथल्या कैद्यांविषयीचा मजकूर ऑफिसात कात्रीने कापत. टीव्हीवर सासू सुनेच्या दुधात विष कालवायची. तिथे कात्री नव्हती.

दहावी झालेली जरिना मोठ्याने वाची. राहीबाई तांदूळ निवडत ऐकत. त्यांचा खटला चार वर्षं उभाच राहिला नव्हता.

"शुभविवाह. आकाराम आणि... राहीबाई यांची कन्या संयोगिता, मिरज इथं पुढल्या महिन्यात..."

"आगं, माझी संयी! पर मधीच का थांबलीस?"

"ठसका लागला, मावशी."

"माझ्याच नावाला लागला व्हय? काय लिवलंय?"

"कै. राहीबाई."

कुणीतरी टीव्ही बंद केला.

कैद्याचं नाव कात्रीतून सुटलं कसं, हा प्रश्न गैर होता. मयत बाई कैदी नसते. कात्रीने नियम पाळला होता.

राहीबाईंचा दीर नानासो मारामारीत दोन वर्षं आत होता. तेव्हा तो 'बाहेरगावी' होता. सुटला तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. बाई आत गेली की थेट कैलासाला.

आठवड्याचा फोन आकारामने उचलला.

"आवं, मी मेले कवा?"

"पोरीचं जमतच नव्हतं. आई तुरुंगात म्हटलं की पाव्हणं चहा बी घेईनात. दोन अक्षरं तर हायती, लय मनावर घेऊ नगंस."

"दोन न्हाई, एकच हाय. जरिनानं दावलंय."

जरिनाने कागद घेतला, पण पेन थांबलं. "मावशी, लग्न मोडलं तर?"

"बाळंतपणाला कुणाला बोलवंल ती? कैलासाला माणूस धाडंल? लिव."

'संपादक साहेब, मी जिवंत आहे. कै. काढावे.' पत्र 'तपासले' असा शिक्का घेऊन बाहेर गेलं.

पुढल्या आठवड्यात तिसऱ्या पानावर लहानशी खिडकी आली. जरिनाने तीतून बोट घालून हलवलं. "मावशी, तुमी हायसा!"

फोनवर या वेळी संयोगिता होती. "आई, छापून आलंय. पाव्हण्यांनी इचारलं, खरं का? मी म्हटलं, खरं. ती येणार न्हाई, पर तिचं नाव नीट छापायचं."

"मग?"

"मग बोलंनात अजून."

वेळ संपली.

बाहेरच्या अंकांना खिडकी नव्हती. तो मजकूर सगळ्यांनी वाचला. पाव्हणे अजून ठरवत आहेत. तुमच्याही घरी एखादी पत्रिका आली असेल. वधूच्या आईच्या नावाआधी काय छापलंय, एकदा बघून घ्या.