कोर्टातली सतरा मिनिटं

मित्रांनो, जरा मान वर करा. पंख्याकडे नको, त्याच्या डावीकडे. काळपट लाकडी चौकट, पांढरी तबकडी, खाली काचेआड हलणारा लंबक. तो मी. कुटुंब न्यायालयाच्या तीन नंबरच्या दालनातलं भिंतीवरचं जुनं घड्याळ. वय मात्र विचारू नका. वय विचारलं की मला उगीचच टोले द्यावेसे वाटतात.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. तिथले घड्याळजी मोठे चिकाटीचे. एका डोळ्याला भिंग लावून ते तासन् तास माझ्या पोटात बघत बसायचे. दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक दिसला तरी पुन्हा सगळं उघडायचे. शेवटी मला खोक्यात घालताना ते बायकोला म्हणाले, "हे कोर्टात चाललंय. तिथे निदान हे तरी खरं बोलेल." या वाक्याचा मला पुढे बरीच वर्षं ताठा होता. तो कसा उतरला, तेच सांगायला बसलोय.

कुटुंब न्यायालय म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल तर उत्तमच. नवरा-बायकोचं पटेनासं झालं की ती दोघं इथे येतात. भांडी आणि कपाटं वाटून होतात. मूल वाटता येत नाही, म्हणून तारखा पडतात. शिपाई दारात उभा राहून नावं पुकारतो आणि नाव पुकारल्यावर माणूस समोर नसला की कागदावर 'गैरहजर' असं लिहिलं जातं. त्या एका शब्दाने भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलंय.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. दर सोमवारी शिपाईकाका स्टुलावर चढून मला किल्ली द्यायचे, काच पुसायचे आणि जाता जाता स्वतःचे केसही त्या काचेत नीट करायचे. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून आपली घड्याळं लावायचे. तेव्हा माणसांच्या खिशात फोन नव्हते, त्यामुळे आम्हाला मान होता.

दालनाचा खरा कारभार मोठ्या कारकुनांच्या हातात. माणूस मनाने वाईट नव्हे, पण शिस्तीचा भुकेला. वकील मंडळी रमतगमत यायची आणि कडेवर लेकरं घेतलेल्या बायका बाकावर ताटकळत बसायच्या, हे काही त्यांना बघवेना. एका दुपारी त्यांनी स्टूल ओढलं, माझी काच उघडली आणि मोठा काटा बोटाने दहा मिनिटं पुढे ढकलला. माझी टिकटिक क्षणभर अडखळली. पहिल्यांदा खोटं बोलताना तुमची जीभ अडखळते ना, तशीच.

आता, वकील म्हणजे काही दूधखुळी मंडळी नव्हेत. आठवड्याभरात त्यांना सुगावा लागला आणि ते दहा मिनिटं आणखी उशिरा यायला लागले. कारकुनांनी मला आणखी सात मिनिटं ढकललं. वकिलांनी तीही वजा केली. शेवटी कारकुनांनी हात टेकले, पण माझा काटा मागे आणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळं दालन मनातल्या मनात सतरा मिनिटं वजा करून चालू लागलं. फक्त जेवायला जाताना सगळे माझी वेळ पाळायचे आणि परत येताना मनगटावरची. तेव्हाचे न्यायाधीशसाहेबही जाणते होते. भिंतीवर सव्वाअकरा होऊन गेल्याशिवाय ते खुर्चीत बसतच नसत. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

मग साहेब निवृत्त झाले आणि नव्या न्यायाधीशबाई बदलून आल्या. त्यांना सतरा मिनिटांचं सांगायचं कोणी? कारकुनांना वाटलं, शिपाईकाका सांगतील. शिपाईकाकांना वाटलं, वकील सांगतील. वकिलांना वाटलं, आपल्याला काय पडलंय. बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे आदराने बघून आपलं घड्याळ माझ्यावर लावलं आणि म्हणाल्या, "अकरा म्हणजे अकरा. मला उशीर चालत नाही." मित्रांनो, मला घाम फुटत नाही हे माझं नशीब.

वकिलांचं काही बिघडलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हिशोब बदलला आणि लवकर यायला लागले. पण ज्यांना वकील परवडत नव्हता, ज्यांचं इथे कोणी ओळखीचं नव्हतं, त्यांना कोण सांगणार? बाहेर जगात पावणेअकरा वाजलेले असायचे, आत त्यांचं नाव पुकारून झालेलं असायचं.

अशांतलाच एक होता बसचा ड्रायव्हर. बायको मुलीला घेऊन वेगळी राहायला लागली होती. आठ वर्षांची लेक त्याला दर शनिवारी दोन ते चार, आमच्या समोरच्या खेळखोलीत भेटायची. ही भेट तात्पुरती होती. ती कायमची व्हावी एवढाच त्याचा अर्ज. दुसरं काही त्याने मागितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला तो आला तेव्हा माझ्या तबकडीवर अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"तुमचं नाव पुकारून झालं," शिपाईकाका म्हणाले. "पुढची तारीख घ्या."

"अहो काका, अजून अकरा वाजायचेत."

"वर बघा."

त्याने वर बघितलं, मग मनगटाकडे, मग पुन्हा वर. शिपाईकाकांना सतरा मिनिटांचं गणित पाठ होतं, पण ते बाहेरच्यांनाही सांगायचं असतं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. बिचाऱ्याने जाऊन आपलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं.

दुसऱ्या तारखेला तो आणखी लवकर आला, तरी तीन मिनिटांनी हुकला. धापा टाकत दारातून आत शिरला तेव्हा बाई लिहीत होत्या.

"मॅडम, अकरा वर्षांत माझी बस एकदाही उशिरा सुटली नाही," तो म्हणाला.

"इथे बस नाही, मुलगी वाट बघतेय," बाई म्हणाल्या. "सलग दोनदा गैरहजर. पुढच्या तारखेपर्यंत शनिवारची भेट बंद. तिसऱ्यांदा असं झालं तर अर्ज काढून टाकावा लागेल."

तो माझ्याखाली येऊन उभा राहिला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्याकडे बघत बघत सतरा मिनिटं पुढे केलं. कोर्ट चुकेल असं त्याच्या मनातही आलं नाही. एका खऱ्या घड्याळाला मी माझ्यासारखं करून टाकलं होतं. त्या दिवशी मला माझीच टिकटिक नकोशी झाली.

तो शनिवार आला. दोन वाजले, मग चार वाजले. खेळखोलीला कुलूप होतं.

तिसऱ्या तारखेला मात्र नाव पुकारलं आणि ड्रायव्हर समोर हजर. मला हायसं वाटलं. पण मुलीच्या आईचे वकील हातात कागद घेऊन उठले. डोळ्यांवर सोनेरी चष्मा, आवाजाला लोणी.

"मॅडम, हे गृहस्थ किती जबाबदार आहेत, ते बघा. यांच्या डेपोने यांना मेमो दिलाय. पहाटेची पहिली बस यांनी सतरा मिनिटं आधी सोडली. तीस प्रवासी थांब्यावर राहिले. त्यांत एक गणिताचे मास्तर होते, त्यांनी चार पानी तक्रार दिलीय. कंडक्टर म्हणतो, ड्रायव्हरचं घड्याळ कधी चुकत नाही, म्हणून मी माझंही त्यावर लावलं. आणि आता बघा, दोन्ही हातांत घड्याळं घालून आलेत. अशा माणसाच्या हाती मूल द्यायचं?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. खरंच दोन घड्याळं होती.

"दोन कशाला?"

"डाव्या हातात डेपोची वेळ आहे मॅडम, उजव्या हातात कोर्टाची. मेमो मिळाल्यापासून दोन्ही ठेवतो."

"दोन्हींत फरक किती?"

"सतरा मिनिटं."

"बरोबर कुठलं?"

"कोर्टाचंच असणार," तो मनापासून म्हणाला. "पण बस डेपोच्या वेळेवर सोडावी लागते."

शिपाईकाका छताकडे बघायला लागले. कारकुनांनी एकच कागद तीनदा सरळ केला. बाईंनी आधी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कारकुनांकडे.

"किती वाजलेत हो?"

"कुठले सांगू मॅडम?" कारकुनांच्या तोंडून निघून गेलं.

मग बाईंनी सगळ्यांना आपापल्या घड्याळातली वेळ मोठ्याने सांगायला लावली. एकामागून एक, खाली मान घालून, सगळ्यांनी पावणेअकरा सांगितले. चष्मेवाल्या वकिलांनीही. भिंतीवर अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती.

"हे सगळ्यांना माहीत आहे, मॅडम," वकील हळूच म्हणाले. "जुनी पद्धत आहे."

"मला माहीत नाही. यांना माहीत नाही. मग सगळे म्हणजे कोण?"

वकील खाली बसले.

बाईंनी कारकुनांना मला ताबडतोब दुरुस्त करायला सांगितलं. पण टोल्यांच्या घड्याळाचा काटा मागे फिरवत नाहीत, आतली चक्रं बिघडतात. लंबक धरून ठेवायचा आणि खरी वेळ आपल्यापर्यंत येऊन पोचायची वाट बघायची, एवढाच उपाय. तेव्हा मोठे कारकून स्टुलावर चढले, शिपाईकाकांनी डुगडुगणारं स्टूल धरलं आणि ड्रायव्हर डावा हात वर करून उभा राहिला. त्या दिवशी कोर्ट डेपोच्या वेळेवर लावलं गेलं.

तोवर काम बंद. सतरा मिनिटं नुसतं बसून राहायची सवय कोणालाच नव्हती. कोणी खोकलं, कोणी पिशवी उघडून बंद केली. मग मुलीची आई उठली.

"मॅडम, मला बोलायचंय."

"ताई, बसा तुम्ही," वकील कुजबुजले.

ती बसली नाही. "मागच्या दोन्ही तारखांना मी दारातून यांना जिन्यात बघितलं होतं. धावत येत होते. तुम्ही गैरहजर लिहिलंत तेव्हा मी गप्प बसले. मला राग आहे यांचा, अजूनही आहे. पण लेक दर शनिवारी दुपारी चपला घालून दारात बसते. मी तिला काय सांगू?"

ड्रायव्हरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वर केलेला हात मात्र त्याने खाली घेतला नाही.

माझा लंबक सुटला तेव्हा बाईंनी निकाल सांगायला घेतला. शनिवारची भेट आजपासून पुन्हा सुरू, आणि कायमची. दोन्ही गैरहजेऱ्या रद्द. दोष अर्जदाराचा नाही, दोष न्यायालयाचा.

"मॅडम, 'न्यायालयाचा' असंच लिहू?" कारकुनांनी अडखळत विचारलं. "घड्याळाचा म्हटलं तर?"

"घड्याळ आपणहून पुढे जात नाही. तुम्ही ढकललंत आणि मी विचारलं नाही. दोन्ही लिहा. डेपोलाही एक प्रत पाठवा. मेमो यांना नाही, आपल्याला मिळायला हवा होता."

अशी माझी निर्दोष सुटका झाली. मी मात्र मनातून सुटलो नाही, कारण हे प्रकरण एकट्या ड्रायव्हरचं नव्हतं. बाई आल्यापासून असे आणखी एकवीस जण गैरहजर ठरले होते. कारकुनांनी एकवीस पत्रं स्वतःच्या हाताने लिहिली, बाईंनी प्रत्येकावर सही केली. बहुतेकांची प्रकरणं पुन्हा उघडली. दोन पत्रं मात्र पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. एक बाई पत्र घेऊन आली, माझ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि काहीही न मागता निघून गेली. तिची पाठ माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

त्यानंतरचा पहिला शनिवार. खेळखोलीचं दार उघडं होतं आणि मला आतलं दिसत होतं. बाप-लेक जमिनीवर बसून पत्त्यांचा बंगला रचत होते. दोन मजले झाले, तिसरा दोनदा कोसळला. बघता बघता चाराला एकच मिनिट उरलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्या मनात आलं, आज थोडं रेंगाळावं. कोणाला कळणार होतं? पण बरोबर चाराला मी चार टोले दिले.

शिपाईकाका दार वाजवायला उठले. बाहेर बाकावर मुलीची आई येऊन थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दारातून आत.

"थांबा हो काका," ती म्हणाली. "तिसरा मजला होऊ दे."

आणि पर्स मांडीवर घेऊन ती शांत बसून राहिली.

मित्रांनो, मला ते जमलं नसतं. वेळ सैल सोडणं माणसांचं काम, आणि ते असं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत करायचं असतं. माझ्याकडे तेवढी खरी वेळ राहू द्या. मला वेळच्या वेळी किल्ली द्या, माझी काच पुसा. घरात, शाळेत, कचेरीत एखादं घड्याळ पुढे दिसलं तर मनातल्या मनात वजाबाकी करून गप्प बसू नका. स्टूल घ्या आणि ते नीट करा. तुम्हाला माहीत असतं हो, पण जिना धावत चढून येणाऱ्याला ते माहीत नसतं.