उजवीकडून तीन

"एखाद्या टोपलीची चूक असती तर गिळली असती, नगवा! अख्ख्या वीस टोपल्या माती नासवलीस!" तिच्या आबांनी, कुंभार उस्ता मदबूलींनी, मळलेल्या ढिगात काठी खुपसली. "डोळे आहेत का बटणं?"

"भिंतीवर होतं तेच घातलं, आबा. काळी बारा, तांबडी आठ."

"उलटं! काळी म्हणजे नाईलचा गाळ, तो जास्त झाला की रांजण भट्टीत तडकतात, हे कुंभाराच्या पोरीला सांगायचं? तांबडी जास्त लागते. कौसर आत्या दुपारच्या मायक्रोबसनं कैरोला परत निघालीय, तिच्याबरोबर जा. तिच्यासारखी कपड्यांच्या कारखान्यात बटणंच शिवत बस."

वर्गात बाईंनी 'कुंभाराचं गाढव' म्हटलं, तेव्हा नगवानं खडूचा डबा फेकला होता आणि शाळा सुटली ती सुटलीच. चाकाशिवाय तिला कुठंच बसवत नव्हतं. आणि आता बटणं?

दारात चुलत भाऊ रामी उभा राहून तुरमुसाचे खारे दाणे चघळत होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून घरात त्याचा केवढा थाट! मातीचं प्रमाण भिंतीवर त्यानंच लिहिलं होतं: वर अरबीत काळी, तांबडी आणि खाली '२ : ३'. नगवानं त्याची बाही धरून त्याला भिंतीपाशी ओढलं.

"हे वाच."

"काळीस तांबडी. दोनास तीन. त्यात काय?"

"कुठून वाचलंस?"

"डावीकडून. कॉलेजात सगळं इंग्रजीतच असतं ना."

"हे काय कॉलेज आहे का रे? पेपरापासून पाटीपर्यंत इथं सगळं उजवीकडून वाचतात. उजवीकडून आधी तीन येतात. काळी तीन, तांबडी दोन. मी तेच घातलं, शहाण्या!"

रामीचं चघळणं थांबलं. "अगं... मला वाटलं, कळेल."

"मला सगळं कळतं. फक्त तुझ्या डोक्यातलं कळत नाही."

"चूक कुणाची का असेना," आबा म्हणाले, "माती काही सुधरत नाही. चार टोपल्यांचा फरक आहे ना? मग चार तांबडी घाला."

"मग बारा-बारा होतील, आबा! सारखीवारखी नकोय आपल्याला."

"फेकून द्या मग," रामी पुटपुटला.

"तुझ्या बापाचा नाईल आहे का?" नगवानं कोळसा उचलला. माहीत नसलेल्या आकड्यासाठी बाई मांडायला लावायच्या ते अरबी अक्षर, सीन, तिनं भिंतीवर काढलं. उजवीकडूनच. "काळी काढता येत नाही, ती बाराच राहणार. तांबडी आठ, आणि वर सीन घालायच्या. काळी दोन तर तांबडी तीन, म्हणजे तांबडीची दुप्पट आणि काळीची तिप्पट सारखी व्हायला पाहिजे. आठाची दुप्पट सोळा, वर दोन सीन. बाराची तिप्पट छत्तीस. छत्तिसातून सोळा गेले, वीस. दोन सीन म्हणजे वीस, एक सीन म्हणजे दहा. दहा टोपल्या तांबडी घाला!"

आबांचा अक्षरांवर विश्वास नव्हता. ते खाली बसले आणि टोपलीमागे एक खापरी धरून ढीग रचू लागले. काळीच्या बारा, सहा-सहाचे दोन ढीग. तांबडीच्या अठरा, सहा-सहाचे तीन. त्यांनी ढिगांवरून बोट फिरवलं, पुन्हा मोजलं. दोनास तीन.

"कोपऱ्यात तांबडी किती उरलीय?" त्यांनी न बघताच विचारलं.

"आठ टोपल्या."

"दोन कमी पडतात."

"शेजारच्या उम्म हानीकडं आहे. मागते."

बाहेर मायक्रोबसचा हॉर्न वाजला. कौसर आत्या पिशव्या सावरत ओरडली, "अगं नगवा, येतेस ना?"

आबा मातीकडं बघतच म्हणाले, "वीसच्या तीस झाल्या. एवढी मळणार कोण? रामी? त्याचे हात बघा, लोणी नुसतं!"

नगवानं दोन रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेतल्या.

"आत्या, तू जा! मला आता तांबडी आणायला निघायला हवं."