चार मात्रांचे थांबणे

“आज कोण व्हायचंय मला?” स्टुडिओचे जड दार खांद्याने लोटत व्हर्लीन टॅकेटने विचारले. तिच्या एका हातात थंड गोड चहाचा मोठा पेला होता आणि दुसऱ्यात चंदेरी कागदात गुंडाळलेला, सॉसेज घातलेला पाव. चाळीस वर्षे ती हाच प्रश्न विचारत आत येत होती, आणि चाळीस वर्षे आम्ही उत्तरादाखल तिला कोणा ना कोणा गाणाऱ्या तारकेचे नाव सांगत होतो.

“आज कोणीच नाही, मिस व्हर्लीन,” काचेपलीकडून कोल्टन प्रूइट म्हणाला. हा आमचा निर्माता, वय वर्षे एकतीस. “आज तुम्ही तुम्हीच.”

“मेले,” व्हर्लीन म्हणाली. “त्या बाईचा सराव कुठं राहिलाय मला?”

ड्रमच्या मागे बसलेला लमार हसला. मी गिटार जुळवत होतो, मीही हसलो.

नॅशव्हिलमध्ये, अमेरिकेतल्या या गाण्यांच्या बाजारात, गीतकार आपले गाणे नुसते कागदावर घेऊन तारकेच्या दारी जात नाही. आधी त्याचा नमुना ध्वनिमुद्रित होतो, आणि तो गाणारीने ज्या तारकेला गाणे विकायचे तिच्या ढंगात गावे, असा रिवाज आहे. व्हर्लीन तारकेसारखी गाई. मग तारका तो नमुना मोटारीत आठवडाभर ऐके आणि व्हर्लीनसारखी गाई. यात नक्कल कोण कोणाची करते, या प्रश्नावर मी पुष्कळांशी वाद घातला आहे. उत्तर मला नेहमीच उघड वाटत आले. मात्र ते कोणत्याही तबकडीच्या वेष्टनावर छापलेले नाही.

त्या दिवशीचे पहिले गाणे जुनेच होते. १९८४ साली त्याचा नमुना आम्हीच केला होता: व्हर्लीन, लमार, मी, आणि आता हयात नसलेले आणखी तिघे. व्हर्लीन तेव्हा सकाळी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी आणि दुपारी दोनच्या मुद्रणाला केसांवरची जाळी तशीच ठेवून येई. तीन तासांत पाच गाणी उरकायची, तालीम नाही. गीतकाराची टेप एकदा ऐकायची, तेवढ्यात मी कागदावर आकडे लिहायचे, आणि सगळ्यांनी ते पाहून वाजवायचे. आम्ही स्वरांची नावे लिहीत नाही. प्रत्येक स्वरसंगतीला आकडा असतो, म्हणजे गायिकेसाठी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. आकड्याभोवती तिरका चौकोन काढला की त्याचा अर्थ एवढाच: एकदा वाजवा आणि हात उचला.

तो चौकोन गाण्याच्या अखेरीस हवा होता. मी घाईत तो ध्रुवपदाच्या मधोमध काढला.

घर सोडून गेलेल्या बाईचे ते गाणे होते. ‘मी परत येईन या दाराशी’ असे ती म्हणते आणि लगेच पुढची ओळ येते: ‘उरलेलं सामान न्यायला.’ पहिल्या ओळीपाशी आम्ही पाचही वादकांनी कागदाची आज्ञा पाळून एकदा वाजवले आणि हात उचलले. खोली एकदम रिकामी झाली. दुसरी कोणतीही गायिका तिथे अडखळली असती किंवा हसली असती. व्हर्लीन चारही मात्रा थांबली. चौथीवर तिने ऐकू येईल असा श्वास घेतला, आणि मग सामानाची ओळ जणू भाजीची यादी वाचावी तशी गायली. घड्याळात पाचला वीस मिनिटे कमी होती आणि एक गाणे बाकी होते. कोणी दुसऱ्यांदा घ्या म्हटले नाही.

तारकेने तो नमुना जसाच्या तसा उचलला, थांब्यासह आणि श्वासासह. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ओक्लाहोमापासून जॉर्जियापर्यंत दारूच्या गुत्त्यांत त्या चार मात्रा लोक पेले हवेत धरून उभे राहू लागले. व्हर्लीनचा भाचा जर्मनीत आमच्या लष्कराच्या छावणीवर होता. तिथल्या बिअरघरात इंग्रजीचे अक्षर न समजणारी माणसेही त्या जागी गप्प होतात, असे त्याने कळवले. वीस वर्षांनी अटलांटातल्या एका रॅप गाणाऱ्याने तेवढा श्वास कापून आपल्या ठेक्यात बसवला, आणि आमच्याकडची गावठी गाणी ज्यांनी जन्मात ऐकली नव्हती अशी पोरे त्या श्वासावर नाचली.

आता हे गाणे चोवीस वर्षांची एक नवी गायिका पुन्हा गाणार होती. तिने ज्यावरून ते शिकायचे, तो वाटाड्या आवाज आम्ही त्या सकाळी मुद्रित करत होतो. कपाटात जुनी टेप सापडल्यावर, आम्ही तिघे जिवंत आहोत हे कळून कोल्टनने आम्हाला बोलावले होते.

“एकच बदल,” तो आत येऊन म्हणाला. “ध्रुवपदातला थांबा काढायचा. ती रिकामी जागा ड्रमच्या भरावानं भरून टाकू.”

लमारने काड्या मांडीवर ठेवल्या. व्हर्लीनने पाव कागदात परत गुंडाळला.

“का रे, राजा?” तिने विचारले.

“साडेतीन सेकंद काहीच वाजत नाही, मॅम. आजकाल लोक फोनवर ऐकतात. आवाज थांबला की अंगठा पुढच्या गाण्यावर जातो. आमच्याकडे आकडे आहेत.”

“आकडे तर ह्या हॉइटकडं पण आहेत,” तिने माझ्या कागदाकडे बोट केले. “त्याचे जुने आहेत एवढंच.”

“नव्या पोरीला ते थांबणं कळणारच नाही.”

“वाटाड्यात नसेल तर कसं कळेल? ती आपलंच ऐकून शिकणार ना? आज इथं ते गेलं, की तिच्या मागून येणाऱ्यांना ते होतं हेसुद्धा माहीत नसेल.”

ती हे शांतपणे बोलली. तिच्या नावाची एकही तबकडी नाही. या देशाच्या गाण्यात तिचे म्हणून जे काही आहे, ते त्या चार मात्रांत आहे, आणि ते आता पुसले जाणार होते.

“मी समजू शकतो,” कोल्टन म्हणाला. “पण मूळ रचनाकाराचा तसा काही खास विचार होता का? असेल तर मी वर बोलून बघतो.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मला अचूकपणाचे व्यसन आहे. ते मी गुण समजत आलो. ‘होता’ एवढा एक शब्द पुरला असता.

“नव्हता,” मी म्हणालो. “चौकोन माझ्या हातून चुकीच्या जागी पडला होता. तो शेवटी हवा होता.”

“म्हणजे चूकच,” कोल्टनचा चेहरा मोकळा झाला. “मग तर प्रश्नच मिटला. दुरुस्त करू.”

लमार माझ्याकडे बघून म्हणाला, “हॉइट, तुला कोणी विचारलं तरी गप्प बसायचं शिकवलंच नाही का रे तुझ्या आईनं?”

चाळीस वर्षे मी ही गोष्ट व्हर्लीनला सांगितली नव्हती. तिच्याकडे बघण्याचे मला धैर्य होईना.

“मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुझे कान बीटासारखे लाल झाले होते.” मग ती कोल्टनकडे वळली. “चूक ह्याची होती, बाळा. थांबले मी. ह्यानं चौकोन काढला तेव्हा मी पुढं गाऊन टाकलं असतं, तर तुझ्या आजीनं हे गाणं ऐकलंसुद्धा नसतं. आपण असं करू. एकदा तुझ्यासारखं घेऊ, एकदा माझ्यासारखं. मग तू ठरव. मी भांडणार नाही.”

कोल्टनने घड्याळ पाहिले आणि मान हलवली.

पहिल्या खेपेला लमारने भराव दिला. कुरकुर न करता, उत्तम दिला. तो तसाच वाजवतो. व्हर्लीननेही काही हातचे राखले नाही. गाणे नदीसारखे वाहिले आणि संपले. कोल्टनने अंगठा वर केला.

दुसऱ्या खेपेसाठी मी नवा कागद घेतला आणि त्याच जागच्या आकड्याभोवती चौकोन काढला, या वेळी सावकाश. आम्ही वाजवले आणि हात उचलले.

एक मात्रा. दोन. व्हर्लीनने दुसरीवरच श्वास घेतला, कारण तिला तो लागलाच. चौसष्ट वर्षांची छाती थांबत नाही. तिसरी. चौथीवर तिने पुन्हा एक श्वास घेतला, जुन्या जागी, आणि मग सामानाची ओळ म्हटली.

काचेपलीकडे कोल्टनच्या हातात फोन होता. गाणे संपले तरी त्याचा अंगठा जिथल्या तिथे होता. मग त्याने ध्वनिक्षेपकाचे बटण दाबले.

“पहिलं पुसून टाकतोय,” तो म्हणाला. “हेच पाठवतो. मिस व्हर्लीन, एक विचारू? तो पहिला श्वास…”

“म्हातारीचा आहे तो,” व्हर्लीन म्हणाली. “काप. ती चोवीसची आहे, तिला एकच पुरेल.”

“तुम्हाला चालेल?”

“दाखव मला कसं कापतोस.”

आम्ही सगळे आत गेलो. पडद्यावर तिचा आवाज डोंगररांगेसारखा पसरला होता. मधल्या सपाट पट्टीत दोन बारीक उंचवटे होते. कोल्टनने पहिला निवडला, तो निळा झाला, आणि कळ दाबताच तिथे सरळ रेघ राहिली. व्हर्लीनने चष्मा नाकावर चढवून ती रेघ नीट न्याहाळली. मग तिने पुढच्या गाण्याच्या कागदासाठी माझ्यापुढे हात केला.